तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार : वीजकामाच्या परवान्यामागील शिक्षण व अनुभव

ग्रामपंचायतीची नवी इमारत पूर्ण होते. रंगरंगोटी झालेली असते, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते आणि वीजजोडणीसाठी महावितरणच्या कार्यालयात अर्ज जातो. त्या अर्जासोबत एक कागद मागितला जातो : परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीशिक्क्याचा चाचणी अहवाल. इमारतीतील वायरिंग नियमानुसार झाले आहे, त्याची तपासणी केली आहे आणि ते वीजपुरवठ्यास योग्य आहे, असे ठेकेदार त्यात लेखी सांगत असतो. पुष्कळ ठिकाणी मात्र या कागदाकडे निव्वळ उपचार म्हणून पाहिले जाते. काम गावातल्याच एखाद्या हरहुन्नरी तरुणाने केलेले असते आणि सही तालुक्याच्या गावाहून आणलेली असते. दिवे लागतात, पंखे फिरतात. मग शंका घेण्याचे कोणाला कारण उरत नाही.

वीजकामाचा स्वभावच असा की त्यातील चूक डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर ती ओळंब्यावाचूनही कळते. सुताराचे दार नीट बसले नाही तर ते घासू लागते. वायरिंगमधील चूक मात्र गिलाव्याआड जाते, आणि दिवा लागत असल्यामुळे ती झाकलेलीच राहते. दिव्याचे बटण फेजच्या तारेवर असावयास हवे. ते चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसविले, तरीही दिवा लागतो आणि विझतो. वापरणाऱ्याला काही फरक जाणवत नाही. परंतु बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत २३० व्होल्टचा दाब पोहोचलेला असतो. शाळेचा शिपाई बटण बंद करून, बाकावर चढून, निकामी झालेला दिवा बदलू लागतो, तेव्हा त्याने आपल्या परीने सर्व काळजी घेतलेली असते. ज्याने ते बटण बसविले त्याचे नावही त्या वेळी कोणाच्या स्मरणात नसते.

तीन पिनांच्या सॉकेटचेही तसेच. वरचे मोठे छिद्र अर्थिंगसाठी असते. त्याला तार जोडलीच नाही, तरी इस्त्री तापते आणि मोटार फिरते. यंत्राच्या आतील तारेचे वेष्टन झिजून तिचा स्पर्श लोखंडी सांगाड्याला होईल, त्याच दिवशी ती न जोडलेली तार आठवते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर गुंडाळणे ही तर घरोघरची गोष्ट. फ्यूज जात नाही, एवढेच समाधान. तारा भिंतीत तापत राहतात.

किती प्रवाह धोक्याचा, याची कल्पना असलेली बरी. शंभर वॉटचा साधा दिवा सुमारे ४३५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या शरीरातून याच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह काही काळ वाहिला तरी तो प्राणावर बेतू शकतो. म्हणूनच घरगुती वापराचे आरसीसीबी हे संरक्षक उपकरण साधारणतः ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडेल असे बनविलेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत देशात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची संख्या वर्षाला दहा हजारांहून अधिक दिसते.

कायदा काय सांगतो

वीजकाम कोणी करावे हा प्रश्न आपल्याकडे केवळ व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेला नाही. भारतीय विद्युत अधिनियम, १९१० अन्वये करण्यात आलेल्या भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ४५ वा नियम या बाबतीत मूलभूत ठरला. विद्युत संचमांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो, फेरफाराचे असो वा दुरुस्तीचे, राज्य शासनाने अनुज्ञप्ती दिलेल्या ठेकेदारानेच करावे. ते सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे. आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या कामगाराजवळ शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा, असे त्या नियमाने सांगितले. विद्युत अधिनियम, २००३ आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियम २०१० मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये नव्याने काढले. त्यांतही ठेकेदार, देखरेख करणारा आणि कामगार अशी ही तिपेडी रचना टिकून राहिली आहे.

नियमाला एक अपवाद आहे आणि तो व्यवहारी आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलण्यास परवान्याची गरज नाही. मात्र त्या बदलामुळे संचमांडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये. जुना पंखा काढून तसाच दुसरा टांगणे या अपवादात बसते. त्याच पंख्याच्या जोडणीवरून वर्गात चार संगणकांसाठी सॉकेट काढणे त्यात बसत नाही. शाळांमध्ये सर्वाधिक घोटाळा होतो तो नेमका येथे. संगणक, प्रक्षेपक, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र ही साधने देणगीतून येतात, आणि ती चालविण्यासाठी लागणारे वायरिंग कोणाच्याच हिशेबात धरलेले नसते.

१९५६ च्या नियमांत आणखी एक वाक्य होते, ज्याची आठवण फारशी कोणाला नसते. या तरतुदीचा भंग करून केलेले काम पुरवठादाराच्या वीजवाहिनीला जोडता येणार नाही आणि त्यात वीजप्रवाहही सोडता येणार नाही, असा त्याचा आशय. चाचणी अहवाल मागितला जातो तो यामुळे.

कार्यशाळेतील दोन वर्षे आणि त्यापुढचे शिक्षण

तारतंत्री घडविण्याची राजमान्य वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जाते. कारागीर प्रशिक्षणाची देशव्यापी योजना १९५० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात या संस्था व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत चालतात. वीजकामाशी थेट संबंध असलेले दोन व्यवसाय तेथे शिकविले जातात : वीजतंत्री आणि तारतंत्री. दोहोंचा कालावधी दोन वर्षांचा आहे. वीजतंत्री अभ्यासक्रमास विज्ञान व गणित विषयांसह दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्री अभ्यासक्रमाचे दार आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही उघडे ठेवण्यात आले आहे. शाळा मध्येच सुटलेल्या मुलाच्या पालकांना शिक्षकांनी ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे.

या दोन वर्षांत काय शिकविले जाते? सुरुवात सुरक्षिततेपासून आणि प्रथमोपचारापासून होते. विजेला चिकटलेल्या माणसाला हाताने न ओढता आधी पुरवठा तोडावा, तो तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा, हे मुलाने पहिली तार सोलण्यापूर्वी शिकावे अशी अपेक्षा असते. मग तारांचे सांधे येतात. ब्रिटानिया सांधा, टी सांधा, त्यांवरील डाख. बाहेरच्या माणसाला हे काम क्षुल्लक वाटेल. परंतु वायरिंगमधील आगींचे मूळ पुष्कळदा सैल सांध्यातच असते. सैल सांध्यापाशी रोध वाढतो, रोधामुळे उष्णता निर्माण होते, उष्णतेने सांधा आणखी सैल होतो. निदेशक एकच सांधा दहा वेळा सोडवून पुन्हा करावयास लावतात, त्यामागे हे कारण असते.

पुढे ओहमचा नियम, विजेऱ्या, एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाह, घरगुती वायरिंग, अर्थिंग, रोहित्र, मोटारी व त्यांचे स्टार्टर, वेटोळे भरणे असा क्रम लागतो. अर्थिंगच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी प्रत्यक्ष खड्डा खणतात. अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी नळ जमिनीत उभा पुरणे, त्याभोवती कोळसा व मीठ भरणे, वरून पाणी घालण्याची सोय ठेवणे आणि मग यंत्राने जमिनीचा रोध मोजणे. मुरमाड माळावर आणि काळ्या जमिनीत या मोजणीत किती अंतर पडते, हे एकदा मोजून पाहिलेला मुलगा अर्थिंगची तार नळाच्या तोटीला बांधून मोकळा होत नाही.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. येथे एक समज दूर केला पाहिजे. हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. ते विद्यार्थी शिकला असल्याची ग्वाही देते. लोकांच्या घरात त्याने स्वतःच्या जबाबदारीवर काम करावे, अशी अनुमती त्यात नसते. ती अनुमती वेगळ्या दारातून येते, आणि त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी मध्ये अनुभवाचा टप्पा आहे.

तो टप्पा पुरा करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखाने व आस्थापनांना उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या वीजतंत्र्यास साधारणतः एक वर्षाची उमेदवारी करावी लागते. तिच्या अखेरीस परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. कार्यशाळेतील फळ्यावर वायरिंग करणे आणि चाळीस वर्षांच्या इमारतीत, जेथे कोणती तार कोठून आली हे सांगणारा नकाशा नाही, तेथे दोष शोधणे या दोन गोष्टींत महदंतर आहे. वीज बंद केली आहे असे दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः तपासल्यावाचून हात लावू नये; बंद केलेल्या मुख्य स्विचवर फलक लावावा; शेजारच्या घरातील इन्व्हर्टर किंवा जनित्र उलट्या दिशेने तारेत वीज सोडत नाही ना, हे पाहावे. या सवयी पुस्तकातून लागत नाहीत. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून त्या अंगवळणी पडतात.

तीन पायऱ्या

परवान्याची पहिली पायरी तारतंत्र्याची. बोलीभाषेत तिला वायरमनचे लायसन म्हणतात. दुसरी पर्यवेक्षकाच्या सक्षमता प्रमाणपत्राची. तिसरी ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीची. महाराष्ट्रात हे काम राज्य शासनाच्या ऊर्जा विभागाच्या अधिपत्याखालील विद्युत निरीक्षण यंत्रणा आणि अनुज्ञापक मंडळ यांच्याकडे आहे.

तारतंत्र्याने हाताचे काम बिनचूक करावे. पर्यवेक्षकाकडून अधिक अपेक्षा असते. किती भाराला किती जाडीची तार, कोणते संरक्षक उपकरण, तीन फेजांवर भार कसा वाटावा, हे त्याने ठरवावयाचे. त्यामुळे त्याच्या पात्रतेत शिक्षण व अनुभव यांचे प्रमाण एकमेकांशी बांधलेले आहे. विद्युत अभियांत्रिकीतील पदवीधरास कमी काळाचा अनुभव पुरतो, पदविकाधारकास त्याहून अधिक लागतो. प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या किंवा निव्वळ परवाना धारण करणाऱ्या तारतंत्र्याला आणखी वर्षे काम करून ही पायरी चढावी लागते. तत्त्व असे की शिक्षणाची उणीव अनुभवाने काही अंशी भरून निघू शकते, मात्र अनुभवाची अट कोणालाच पूर्णपणे माफ होत नाही. पदवीधर अभियंताही तीतून सुटत नाही.

ठेकेदाराची अनुज्ञप्ती ही व्यक्तीच्या कसबापेक्षा व्यवसायाच्या सज्जतेला दिलेली मान्यता होय. त्याच्याकडे प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक असावा, परवानाधारक तारतंत्री असावेत आणि तपासणीची उपकरणे असावीत. त्यांतील मेगर हे उपकरण महत्त्वाचे. तारेवर ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट देऊन तिच्या वेष्टनाचा रोध मोजला जातो. तो किमान एक मेगओहम असावा, असा दंडक आहे. चाचणी अहवालातील सर्वांत बोलका आकडा हाच. ज्या ठेकेदाराने इमारतीत पाऊलही टाकलेले नाही, त्याच्या अहवालात हा आकडा कोठून येतो, हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही सरपंचाला तांत्रिक ज्ञानाची गरज नाही.

या साऱ्या रचनेतील सर्वांत कच्चा दुवा अनुभवाचा दाखला हा आहे. परीक्षा एका सभागृहात, अनेकांच्या समक्ष होते. अनुभवाचा दाखला मात्र एका ठेकेदाराच्या सहीवर उभा असतो. ओळखीपोटी, नात्यापोटी किंवा उपकार म्हणून दिलेला असा दाखला शासकीय कार्यालयात खऱ्या दाखल्याहून वेगळा दिसत नाही. काम केल्याचे दिनांकवार टिपण, कामाच्या जागा, पर्यवेक्षकाचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक यांची नोंदवही उमेदवाराने पहिल्या दिवसापासून ठेवली, तर खरा अनुभव खोट्यापासून वेगळा काढता येईल. आज हे फारच थोडे जण करतात.

सीमाभागातील वाचकांसाठी एक सूचना. परवाना राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा, असे नियमाचे शब्द आहेत. शेजारच्या राज्याचा परवाना आपल्या राज्यात आपोआप चालेल, असे त्यावरून धरून चालता येत नाही. सोलापूर किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील गावाने पलीकडच्या राज्यातील कारागिरास काम देण्यापूर्वी ही मान्यता आहे किंवा नाही, हे पाहावे. परवान्यांचे मुदतीनंतर नूतनीकरणही करावे लागते. दहा वर्षांपूर्वी मुदत संपलेला परवाना चौकटीत लावून ठेवल्याने तो जिवंत राहत नाही.

हातात कसब, कागद नाही

आता प्रश्न गावातील त्या हरहुन्नरी तरुणाचा. मोटारीचे वेटोळे तो डोळे मिटून भरतो, खांबावर चढतो, गणेशोत्सवाच्या मंडपाची रोषणाई तोच करतो. त्याने शाळा सोडली तेव्हा तालुक्यात प्रशिक्षण संस्था नव्हती, किंवा होती पण घरच्या परिस्थितीमुळे दोन वर्षे बिनकमाईची काढणे शक्य नव्हते. त्याला 'विनापरवाना' म्हणून झिडकारणे सोपे आहे. परंतु गावाचा वीजपुरवठा वर्षानुवर्षे त्याच्याच भरवशावर चालत आला आहे, हेही खरे आहे.

अशांसाठी वाटा आहेत. अनुभवी कारागिरास खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेस बसण्याची सोय केंद्रीय प्रशिक्षण व्यवस्थेत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वी मिळविलेल्या कौशल्यास मान्यता देण्याचा स्वतंत्र भाग ठेवण्यात आला. मात्र अशा अल्प मुदतीच्या कौशल्य प्रमाणपत्राने तारतंत्र्याचा परवाना मिळाला, असे समजू नये. ते प्रमाणपत्र परवान्याच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. त्याच्यासाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे एखाद्या परवानाधारक ठेकेदाराकडे नोंदीने काम करून परीक्षेची पात्रता मिळविणे. ग्रामपंचायतीने आपले काम देताना ठेकेदाराला या तरुणास हाताखाली घेण्याची विनंती केली, तर गावाचे काम नियमात बसते आणि त्या तरुणाच्या अनुभवाची पहिली खरी नोंदही होते.

शिकलेल्या तरुणांना गावातच काम मिळावे, या दृष्टीने राज्य शासनाने २०१६ मध्ये ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना आणली. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांत स्थानिक उमेदवार नेमावा आणि त्याने वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा, अशी तीत अट होती. खांबावर चढण्याची हिंमत ही पात्रता म्हणून पुरेशी नाही, हे त्यातून शासनानेच स्पष्ट केले.

काम देताना आणि घेताना

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कामात कागद पाहण्याची वेळ काम संपल्यावर येते. ती सुरू होण्यापूर्वी यावयास हवी. निविदेसोबत ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीची प्रत घेतली जाते, तशीच पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राची व प्रत्यक्ष कामावर येणाऱ्या तारतंत्र्याच्या परवान्याचीही घ्यावी. परवान्यावरचे छायाचित्र आणि शिडीवर उभा असलेला माणूस एकच आहे, हे ग्रामसेवकाने किंवा मुख्याध्यापकांनी एकदा जाऊन पाहावे. अंतिम तपासणी सदस्यांच्या समक्ष व्हावी. मेगरचे आकडे, अर्थिंगचा रोध आणि प्रत्येक बटण फेजवरच आहे याची टेस्टरने केलेली खात्री, एवढे पाहण्यास मध्यम आकाराच्या शाळेत फार वेळ लागत नाही.

अपघात घडलाच, तर त्याची सूचना विद्युत निरीक्षकास चोवीस तासांच्या आत द्यावी लागते. निरीक्षक चौकशीस येतात तेव्हा प्रथम विचारतात ते हेच कागद : वायरिंग कोणी केले, देखरेख कोणाची होती, चाचणी कधी झाली. त्या वेळी जागेवर फेरफार केलेला नसावा; तुटलेली तार, जळालेले सॉकेट जसेच्या तसे राहू द्यावे. उत्साही मंडळी सर्वप्रथम तेच काढून टाकतात.

अलीकडे छतावरील सौर संचांमुळे या कामात नवी भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतही पटले बसू लागली आहेत. या पटलांपासून निघणारा प्रवाह एकदिश असतो. जोडणी सुटताना पडणारी ठिणगी प्रत्यावर्ती प्रवाहात लवकर विझते, तशी ती येथे विझत नाही. घरगुती वायरिंगमध्ये आयुष्य घालविलेल्या तारतंत्र्यालाही हे वेगळे शिकावे लागते, आणि त्याला ते शिकविले आहे काय, हे काम देणाऱ्याने विचारावे लागते. मुख्य स्विच बंद केला की घर निर्धोक झाले, ही त्याची जुनी खूणगाठ छतावर उपयोगी पडत नाही. पटलांवर ऊन पडत आहे तोवर त्यांच्या तारांत दाब असतोच.